दोन सीटच्या गाडीचं ॲव्हरेज

पेण सोडून गोव्याच्या दिशेने निघालं की वडखळला रस्ता फुटतो. उजवीकडचा धरमतरच्या पुलावरून पोयनाड, कार्लेखिंड करत अलिबागला जातो. सरळ जाणारा डोलवीच्या पोलाद कारखान्याला मागे टाकत गडब, कासू, आमटेम करत नागोठण्याला पोहोचतो. यातल्या पहिल्या रस्त्यावर, कार्लेखिंडीच्या परिसरात, स्पोर्ट्स कार तयार झाल्या आहेत हे खुद्द रायगडातही फार जणांना ठाऊक नाही. चिंकारा मोटर्स हे त्या कंपनीचं नाव. तिची रोडस्टर १.८ एस म्हणजे फायबरग्लासची बॉडी, दोनच सीट, छप्पर नावापुरतं, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर आणि लांबलचक बॉनेटखाली इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. हिंदुस्तान मोटर्स ॲम्बॅसेडरमध्ये बसवत असे, तेच हे इंजिन. ज्या इंजिनाने लाल दिव्याच्या सरकारी गाड्या ओढल्या, त्याच इंजिनावर अलिबागजवळ स्पोर्ट्स कार उभी राहिली.

अशी गाडी चहाच्या टपरीपाशी थांबली की भोवती माणसं जमतात. पहिला प्रश्न किमतीचा असतो, दुसरा ॲव्हरेजचा. मालक बहुधा हसून विषय टाळतो, कारण जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे पेट्रोल ढोसणारी चैनीची वस्तू असं त्यानेही गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक तपासून पाहण्यासारखं आहे. मोठ्या इंजिनाच्या मोजक्या गाड्यांनी सगळ्या जातीला बदनाम केलं, आणि लहान इंजिनाच्या, हलक्या वजनाच्या ज्या गाड्या खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार होत्या, त्यांचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

तो मांडायचा तर जुन्या चाचण्यांचे आकडे हाताशी आहेत. ब्रिटनमधलं ‘द मोटर’ हे साप्ताहिक नवी गाडी आली की ती स्वतः पळवून, मोजमाप करून अहवाल छापत असे. आकडे मैल आणि गॅलनमध्ये असत. ते किलोमीटर आणि लिटरमध्ये आणले तर चित्र असं दिसतं. १९४९ मध्ये तपासलेली जग्वार एक्सके १२० लिटरला सात किलोमीटर देत होती. इंजिन जवळपास साडेतीन लिटरचं, आणि वेग ताशी दोनशे किलोमीटर. १९६१ ची जग्वार ई-टाइप तेवढीच, म्हणजे लिटरला सात. या झाल्या बदनाम करणाऱ्या गाड्या. आता लहान गाड्या पाहा. १९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट, इंजिन ९४८ सीसीचं, या सगळ्यांत काटकसरी. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर, ११४७ सीसी, लिटरला अकरा. १९५५ ची एमजीए, १४८९ सीसी, लिटरला साडेनऊ. आणि हे आकडे गाडी जपून चालवून काढलेले नव्हते. चाचणी घेणारे पत्रकार गाडीची पूर्ण ताकद काढून पाहत.

यातल्या शेवटच्या दोन गाड्यांचं भारताशी थेट रक्ताचं नातं आहे. एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. त्याच घराण्यातलं, त्याच मापाचं इंजिन आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. एमजीएमध्ये त्याला दोन कार्बोरेटर होते आणि ते सत्तरच्या आसपास अश्वशक्ती देत असे; ॲम्बॅसेडरमध्ये एकच कार्बोरेटर आणि पन्नासच्या आसपास अश्वशक्ती. तसंच मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून बनवलेली स्टँडर्ड हेरल्ड ही ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती, आणि स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार त्याच हेरल्डच्या सांगाड्यावर आणि यंत्रसामग्रीवर उभी राहिलेली. म्हणजे साठच्या दशकात मुंबई-पुण्याच्या ज्या मेकॅनिकने हेरल्ड आणि ॲम्बॅसेडर उघडून पुन्हा बांधली, त्याला स्पिटफायर आणि एमजीएचं अर्धं शिक्षण आपसूक मिळालेलं होतं. ॲम्बॅसेडरचा टॅक्सीवाला लिटरला नऊ-दहा मिळाले की खूश असे. एमजीए त्याहून कितीतरी वेगाने पळून तेवढंच देत होती.

असं का, याचं पहिलं उत्तर वजन.

चिंकारा रोडस्टर ज्या गाडीच्या घाटावर बेतलेली आहे ती लोटस सेव्हन १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये आली. कॉलिन चॅपमन हा तिचा जनक. गाडीतून काय काढून टाकता येईल याचा विचार करणारा असा अभियंता दुसरा झाला नाही. दारं नकोत, बाजूच्या काचा नकोत, गालिचा नको, डिकी नको. उरलं ते जेमतेम पाचशे किलो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी पद्मिनी सुमारे नऊशे किलोची होती, आणि तिला कोणी जड गाडी म्हणत नसे. लोटसने १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले आणि ती गाडी आजही बनते. इतकी वर्षं एकच आराखडा टिकण्यामागे त्याचं हलकेपण आहे.

वजनाचा पेट्रोलशी संबंध समजून घ्यायचा तर वडखळवरून दुसरा रस्ता धरावा, गडबचा. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि पुढे किती रखडलं हे कोकणातल्या प्रत्येक चाकरमान्याला पाठ आहे. त्यातही वडखळ ते नागोठणे हा तुकडा, म्हणजे गडब-कासू-आमटेमचा पट्टा, खड्ड्यांसाठी सर्वांत बदनाम. खाडीकाठच्या खारेपाटातली जमीन मऊ, पाऊस धो-धो, त्यावर पोलादाची गुंडाळी लादलेले ट्रेलर आणि गणपतीच्या आधी मुंबईहून उतरणारा गाड्यांचा लोंढा. इथे गाडी चालवणं म्हणजे ब्रेक, पहिला गिअर, दुसरा गिअर, खड्डा, पुन्हा ब्रेक, पुन्हा पहिला.

प्रत्येक वेळी गाडी थांबलेली असताना तिला पुन्हा वेगात आणायला ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा पेट्रोलमधून येते. गाडी दुप्पट जड असेल तर तेवढ्याच वेगाला दुप्पट ऊर्जा. मग समोर खड्डा दिसतो, ब्रेक दाबला जातो आणि ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन हवेत जाते. पेट्रोल इंजिन मुळातच पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवतं, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. त्यामुळे ब्रेकमध्ये वाया गेलेली प्रत्येक शंभर एकक ऊर्जा टाकीतल्या चारशे एककांची किंमत वसूल करते. गडबच्या रस्त्यावर म्हणूनच हलकी गाडी जिंकते. तिथे जग्वार आणि स्प्राइट यांच्यातलं अंतर कागदावर दिसतं त्याहून मोठं होतं.

मोकळ्या रस्त्यावर मात्र हिशेब उलटतो.

वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी पन्नासवरून शंभरवर गेलात की हवा चौपट जोराने अडवते, आणि तो अडथळा कापत राहायला इंजिनाला आठपट ताकद लावावी लागते. इथे लोटस सेव्हनचा सगळा साधेपणा तिच्यावर उलटतो. बाहेर आलेली चाकं, उभे दिवे, सरळसोट काच यामुळे तिचा पवनरोधाचा आकडा ०.६ च्या वर जातो. आजच्या साध्या हॅचबॅकचा तो ०.३ च्या आसपास असतो. सेव्हन मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरने नेली तर पाचशे किलो वजनाचा फायदा वारा बराचसा खाऊन टाकतो.

त्याच चॅपमनने त्याच वर्षी, १९५७ मध्ये, दुसरी गाडी जगासमोर ठेवली. लोटस एलिट. इंजिन कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं १२१६ सीसीचं, संपूर्ण सांगाडाच फायबरग्लासचा आणि पवनरोधाचा आकडा ०.२९. संगणक नव्हते, आणि तरी हा आकडा साध्य झाला. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तेव्हा वेगाबरोबरच इंधनाच्या कार्यक्षमतेसाठीही एक बक्षीस असे. कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर, तेही शर्यतीच्या वेगाने. एलिटने ते बक्षीस दोनदा मिळवलं. शर्यतीतली गाडी काटकसरीसाठी बक्षीस मिळवते हे आज ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात तर्क आहे: जी गाडी कमी वेळा पेट्रोल भरायला थांबते, ती शर्यतीत तेवढा वेळ कमावते.

डोळ्यांवर मात्र विसंबू नये. ई-टाइप ही जगातली सर्वांत सुंदर गाड्यांपैकी एक. विमानाच्या कारखान्यातून आलेल्या माल्कम सेयर यांनी तिचा आकार गणिताने काढला. ती उभी असतानाही पळत असल्यासारखी दिसते. तरी तिचा पवनरोधाचा आकडा ०.४४ च्या आसपास आहे, म्हणजे आजच्या बहुतेक चौकोनी दिसणाऱ्या कौटुंबिक गाड्यांपेक्षा वाईट. तिची जाळी, बॉनेटखालून जाणारी हवा, अरुंद टायरभोवतीची मोकळी जागा, सगळीकडे वारा अडकतो.

वजन आणि वारा हे गाडी बनताना ठरतात. मालकाच्या हातात जे उरतं ते बॉनेटखाली असतं, आणि जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये ते बहुतेक वेळा एसयू कार्बोरेटरच्या रूपात असतं. एमजीत दोन, ई-टाइपमध्ये तीन. आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो आणि सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर त्याच्यावर सतत नजर ठेवून असतो. एसयूमध्ये हे काम एक पितळी सुई करते. वरच्या घुमटात एक पिस्टन वर-खाली होतो, त्याच्या टोकाला ही निमुळती सुई असते आणि ती खालच्या जेटच्या भोकात शिरलेली असते. ॲक्सिलरेटर दाबला की हवेचा ओघ वाढतो, पिस्टन वर उचलला जातो, सुई जेटमधून वर सरकते आणि तिचा निमुळता भाग भोकाशी आल्यामुळे जास्त पेट्रोल सुटतं. सुईची जाडी कागदाच्या जाडीइतकी कमी-जास्त झाली तरी ॲव्हरेज बदलतं. वर्षानुवर्षं जेटच्या कडांना घासून ती झिजते, जेटचं गोल भोक लांबट होतं आणि गाडी गपचूप जास्त पेट्रोल घ्यायला लागते. धूर किंचित काळा, पेट्रोलचा वास थोडा जास्त, एवढीच काय ती खूण.

जाणता मेकॅनिक हे कसं ओळखतो ते पाहण्यासारखं असतं. इंजिन गरम करून आयडलवर सोडायचं. कार्बोरेटरच्या बाजूला एक छोटी पिन असते, ती बोटाने हळूच वर ढकलायची म्हणजे आतला पिस्टन केसभर उचलला जातो. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिक्स्चर जाड आहे, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. इंजिन अडखळून बंद पडायला लागलं तर मिक्स्चर पातळ. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. मग खाली जेटचा षटकोनी नट असतो, तो स्पॅनरने एकेक फ्लॅट फिरवायचा. वर घेतला की पेट्रोल कमी, खाली सोडला की जास्त. पूर्ण एक वळसा म्हणजे सहा फ्लॅट. बहुतेक वेळा फरक एका-दोन फ्लॅटचाच असतो. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्ही सारखीच हवा ओढताहेत का हे पाहायला रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात. दोन्हीकडून एकसारखा हिस्स आवाज आला पाहिजे. एक जोरात आणि एक हळू ओढत असेल तर इंजिनाचे दोन सिलिंडर उरलेल्या दोघांचं ओझं वाहतात, गाडी मिस मारते आणि पिकअपसाठी पाय जास्त दाबला जातो.

शेवटी प्लग काढून बघायचे. काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे मिक्स्चर जाड, पांढराफटक म्हणजे पातळ, बदामी रंगाचा म्हणजे योग्य. मिक्स्चरबरोबर टायमिंगही हवं. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट झिजले, ठिणगी उशिरा पडू लागली की पेट्रोल सिलिंडरमध्ये काम करण्याऐवजी सायलेन्सरमध्ये जळतं. जुन्या काळी भारतात मिळणाऱ्या पेट्रोलचं ऑक्टेन कमी असायचं, त्यामुळे ठोके येऊ नयेत म्हणून मेकॅनिक टायमिंग मुद्दाम मागे ठेवत. तीच सवय अनेक गॅरेजांमध्ये टिकून आहे. आजच्या पेट्रोलवर ती गाडी विनाकारण मंद आणि खादाड राहते. एखाद्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज सुधारायचं असेल तर महागडं काही करण्याआधी टायमिंग लाइट लावून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

पुन्हा गडबकडे वळू, कारण रांगेत उभी राहिलेली जुनी गाडी वेगळ्याच कारणाने पेट्रोल जाळते. दीड-दोन लिटरचं कार्बोरेटरवालं इंजिन नुसतं आयडलवर तासाला ढोबळमानाने पाऊण ते एक लिटर घेतं. तेवढ्या पेट्रोलमध्ये स्प्राइट दहा-बारा किलोमीटर पळाली असती. शिवाय उन्हाळ्यात रांगेत इंजिन तापतं, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळून हा प्रश्न सोडवत. स्पोर्ट्स कारचं बॉनेट आणखी ठेंगणं, आतली जागा आणखी कोंदट, त्यामुळे त्यांना हा त्रास जास्त. रांग हलत नसेल तर इंजिन बंद करण्यात पेट्रोलही वाचतं आणि पंपही थंड राहतो. अट एकच, बॅटरी आणि स्टार्टर धडधाकट हवेत.

कर्नाळ्याची खिंड किंवा नागोठण्यापुढची सुकेळी खिंड उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची जुनी खोड अनेकांना आहे. कार्बोरेटरच्या गाडीत त्यामागे थोडाफार हिशेब आहे: गिअरमध्ये उतरताना इंजिन वेगाने फिरतं आणि आयडलच्या वाटेने पेट्रोल ओढतच राहतं. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पाय उचलला की संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो, त्यामुळे तिथे न्यूट्रलने उलट जास्त जातं. पण जुन्या गाडीच्या बाबतीतही ही चार थेंबांची बचत घेऊ नये. तिला बऱ्याचदा ड्रम ब्रेक असतात, ते उतारावर तापून ढिले पडतात, आणि इंजिनाचा आधार सोडलेला असतो. समोर पोलादाची गुंडाळी घेऊन चाललेला ट्रेलर असताना हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

लांबच्या रस्त्यावर पेट्रोल वाचवणारी एक चांगली गोष्ट एमजीबी आणि अनेक ट्रायम्फ गाड्यांना मिळत असे: लेकॉक डी नॉर्मनव्हिलचा ओव्हरड्राइव्ह. चौथा गिअर पडल्यावर एक बटण दाबायचं, की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे जवळपास एक-पंचमांशाने कमी होत. आज पाचवा-सहावा गिअर जे काम करतो तेच काम. भारतात आलेल्या अनेक गाड्यांमध्ये हे यंत्र आहे पण तारा तुटल्यामुळे बंद पडलंय. ते दुरुस्त करून घेणं म्हणजे महामार्गावरच्या ॲव्हरेजमध्ये सरळ वाढ, आणि कानांनाही विश्रांती.

आपल्याकडे ॲव्हरेजची एवढी ओढ का, याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा महाराष्ट्रातल्या खासगी बसच्या मागे कोळशाच्या भट्ट्या लागल्या आणि त्या गॅसवर गाड्या चालल्या. पन्नाशीच्या दशकात सरकारने धोरण बदललं, तयार गाड्यांची आयात आवळली, शिवडीचा जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. परदेशी स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडेच राहिल्या. मग ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा पिंपामागचा दर तीन डॉलरवरून काही महिन्यांत साडेअकराच्या वर गेला. पेट्रोल हा मध्यमवर्गीय घराच्या काळजीचा विषय झाला. मुंबई हायला तेल सापडलं ते १९७४ मध्ये. त्या तेलाचं उरणला उतरणारं केंद्र याच रायगड जिल्ह्यात आहे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्या ॲव्हरेजने बाकी सगळ्या गाड्यांना मान खाली घालायला लावली. त्या दशकात कितीतरी जुन्या स्पोर्ट्स कार गोठ्यात आणि बंगल्यांच्या मागच्या शेडमध्ये गेल्या. काहींचं मूळ इंजिन काढून स्वस्त डिझेल इंजिन बसवलं गेलं. पेट्रोल वाचलं, गाडी गेली. यातल्या काही गाड्यांना खरं तर नवी सुई, नवे पॉइंट आणि जाणत्या हाताची एक दुपार पुरली असती, हे मनाला लागतं.

आता नवा प्रश्न इथेनॉलचा, आणि तो उसाच्या या राज्याला अगदी जवळचा आहे. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्ये ज्या राज्यांपासून सुरुवात झाली त्यांत महाराष्ट्र होता. २०२२ मध्ये देशभर दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना याचा आधार झाला, आयातीचं परकीय चलन वाचलं, हे खरंच. जुन्या गाडीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रणात म्हणूनच सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मूळ साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा ते सात टक्के घटेल असाच अंदाज होता. पण कार्बोरेटरच्या गाडीत एवढ्यावर भागत नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. संगणकाची गाडी हे ओळखून आपोआप जास्त पेट्रोल सोडते. सुईला ते कळत नाही. मिक्स्चर पातळ पडतं, इंजिन तापतं, पिकअप मरतो, आणि चालक तो भरून काढायला ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. उपाय आहे: जेटचा नट एक-दोन फ्लॅट खाली घेणं किंवा थोडं जाड मिक्स्चर देणारी सुई बसवणं. असं केल्यावर लिटरला मिळणारे किलोमीटर किंचित कमीच दिसतील, पण व्हॉल्व्ह जळणार नाहीत.

दुसरी अडचण खारेपाटातल्या माणसाला लगेच कळेल. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. धरमतरच्या खाडीकाठी पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते, आणि शेडमध्ये अर्ध्या टाकीने उभी ठेवलेली गाडी श्वास घेते तसतशी ती ओल पेट्रोलमध्ये मुरत जाते. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. जुनी टाकी पत्र्याची. आतून गंज धरतो, गंजाचे कण जेटमध्ये अडकतात. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ होऊन फुगतात, कॉर्कचे गास्केट आणि फ्लोट बिघडतात. नळी फुटून पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडणं हे आगीचं निमंत्रण आहे, आणि अशा गाड्यांमध्ये पहिला खर्च ॲव्हरेजपेक्षा या नळ्यांवर व्हायला हवा. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बाजारात मिळतात. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी एक तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवावी. काही मालक शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल शोधत फिरतात. ऑक्टेन जास्त म्हणून ॲव्हरेज वाढतं हा गैरसमज आहे. सव्वासातच्या कॉम्प्रेशनचं जुनं एमजी टीसीचं इंजिन त्या ऑक्टेनचा उपयोगच करू शकत नाही.

ॲव्हरेज मोजायचं कसं, हा शेवटचा पण महत्त्वाचा मुद्दा. नव्या गाडीचा आकडा पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाच्या, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या एआरएआयच्या, चाचणीतून येतो. तिथे गाडी रोलरवर ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळते, वेग नव्वदच्या वर जात नाही, आणि सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या वायूंमधला कार्बन मोजून किती पेट्रोल जळलं ते काढतात. जुन्या स्पोर्ट्स कारला असं प्रमाणपत्र कधी मिळालेलंच नाही. तिचं मोजमाप मालकानेच करायचं.

पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे नियम आणले. ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही, पण रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि इंधन भरणं यासाठी रस्त्यावर आणता येते. रॅलीला जाण्या-येण्याचा प्रवास मोजमापाला पुरेसा आहे. पेणच्या पंपावर गाडी सपाट जागी उभी करून टाकी तोंडापर्यंत भरावी. नागोठण्यापुढच्या कोलाडपर्यंत जाऊन परत यावं आणि त्याच पंपावर, त्याच जागी पुन्हा तोंडापर्यंत भरावी. मीटरवर विसंबू नये: अनेक गाड्यांचं मीटर मैलांत असतं, आणि जुन्या टायरच्या जागी रेडियल टायर बसवले असतील तर चाकाचा घेर बदललेला असतो, मीटर चुकीचं अंतर दाखवतं. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड मोजून मीटरची चूक एकदा काढून ठेवावी. मग वडखळ ते नागोठणे हा टप्पा किती वेळात पार झाला हेही आकड्याशेजारी लिहावं, कारण त्याच गाडीचा, त्याच सुईचा आकडा गडबला रांग लागलेल्या दिवशी आणि पहाटे मोकळ्या रस्त्यावर लिटरला दोन-तीन किलोमीटरने सहज वेगळा निघतो.